रिकामी पेटी घेऊन मुरुमला

सातारा स्टँडवर सोलापूरची गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात लाकडी पेटी. पेटी सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली, आतून चारी बाजूंनी जाड स्पंज, वर कडी. कंडक्टर बाईंनी ती पायरीवरच अडवली.

"ह्यात काय?"

"काही नाही. रिकामी आहे."

"रिकामी पेटी घेऊन कुठवर निघाला?"

"सोलापूरपर्यंत तुमच्या गाडीनं. पुढं मुरुमला, धाराशिव जिल्ह्यात."

त्यांनी एकदा पेटीकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं, तिकीट फाडलं आणि "मांडीवर धरा मग," म्हणाल्या. सोलापूरपर्यंत ती पेटी माझ्या मांडीवर होती. गुडघ्यांना रग लागली, पण खाली ठेवायला मन होईना.

आमच्या गावी वाचनालयाच्या माडीवर एक लोकजीवन संग्रहालय आहे. ते मी सांभाळते. शेतीची अवजारं, स्वयंपाकाची भांडी, दागिने, वाद्यं, सगळं काचेच्या कपाटांत आणि प्रत्येक कपाटाला कुलूप. किल्ल्यांचा जुडगा माझ्या पर्समध्ये असतो. खाली पेपर वाचायला गर्दी होते, पण जिना चढून वर कुणी येत नाही. विश्वस्तांच्या मनात आता माडी रिकामी करून ती बारशा-साखरपुड्यांना द्यायची आहे. मी हातापाया पडून एक शेवटचं प्रदर्शन मागून घेतलं. विषय पेरणी. लोक आले तर संग्रहालय राहील, नाही आले तर कपाटं गोदामात जातील, असं सरळ ठरलं.

पेरणीचं प्रदर्शन म्हटलं की मधोमध चाडं पाहिजे. चाडं म्हणजे तिफणीवर बसवलेला लाकडी वाडगा, त्याच्या तळाशी तीन भोकं. पेरणारी बाई मागून चालत त्यात मुठीनं बी सोडते आणि ते नळ्यांतून तीन तासांत (तिफणीनं पाडलेल्या ओळींत) पडतं. आमच्याकडची चाडी साधी, ओबडधोबड. माझ्या मैत्रिणीकडचं, महानंदाकडचं एक चाडं मात्र मी तिनं पाठवलेल्या फोटोत पाहिलं होतं. काळंभोर झालेलं बाभळीचं लाकूड, काठाला कमळाच्या पाकळ्या आणि दोन बाजूंना दोन राघू. तो फोटो पाहिल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही येईना.

महानंदा आणि मी पुण्याला एका वर्गात शिकलो, एका खोलीत राहिलो. पहिला नंबर माझा यायचा. तिला खापर आणि कौल यांतला फरक कळत नसे, असं मी अजूनही लोकांना सांगते. तो तिला चांगला कळायचा. पुढं ती मुरुमला परत गेली, वडिलांची बंद पडलेली दाळमिल झाडून घेतली आणि तिथं संग्रहालय काढलं. तेव्हापासून ती मला फोटो पाठवते. माझ्या फोटोंत कपाटं असतात आणि तिच्या फोटोंत माणसं. माझ्या पोटात दुखतं, लपवून काय करायचं?

सोलापुरात गाडी बदलली. नळदुर्गजवळ हायवेच्या कडेला गाडी चहाला थांबली. मालट्रकांची रांग लागलेली होती आणि लांबवर किल्ल्याची तटबंदी उन्हात दिसत होती. ढाब्यावर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मागवली. वाढणाऱ्या माणसानं विचारलं, "पेटीत देव हाय का?" मी नाही म्हटलं. "मग इतकी जपून धरलाव मनून इचारलं," म्हणत त्यानं चटणी जरा जास्तच वाढली.

येणेगूरला हायवे सोडून जीपमध्ये बसले. बाहेर ज्वारी कणसाला आलेली आणि तुरीच्या शेंगा वाळत आलेल्या. जीपमध्ये बायकांच्या मांडीवर भाज्यांच्या पिशव्या होत्या, आणि पातीचा कांदा, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे त्यांतून बाहेर डोकावत होते. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी.

"उद्या येळवस न्हवं का," शेजारची बाई म्हणाली. "तुमच्याकडं करत न्हाईत?"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण. आमच्याकडं ती नसते, असं मी सांगितल्यावर त्यांना माझी दया आली. कुणाकडं चाललात, असं त्यांनी विचारलं. महानंदाचं नाव घेतलं मात्र, सगळी जीप बोलायला लागली.

"अक्काच्या शेडला? आमच्या सासूचं जातं हाय तिथं."

"आमची मोट हाय की. नाड्यासकट."

"व्हय, पर उंदरानं खाल्ली जराशी," पुढून ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या आजोबांची घोंगडी पण होती म्हणे.

माझ्या गावात स्टँडवरच्या रिक्षावाल्याला संग्रहालय विचारलं तर तो 'कशाचं?' म्हणतो. मी खिडकीबाहेर बघत बसले. ड्रायव्हरनं मला थेट शेडच्या दारात सोडलं.

शेड पत्र्याची. दारावर अजून दाळमिलची जुनी पाटी आहे, ती महानंदानं काढलेली नाही. आत शिरले आणि तुरीच्या टरफलांचा जुना वास आला. भिंतीलगत कडाप्प्याच्या फळ्या, त्यांवर वस्तू मांडलेल्या. काच नाही, कुलूप नाही. बांबूच्या कणग्या, बैलांच्या झुली आणि घुंगुरमाळा, उतरंडी, लिंगायत घरांतल्या लिंग ठेवायच्या चांदीच्या डब्या, निजामाच्या काळातलं एक नक्षीदार पानदान. आम्ही पाटीवर वस्तूचं नाव, लाकूड, अंदाजे काळ असं लिहितो. इथं पाटीवर एवढंच: 'शिवलिंगप्पाची झूल'. 'अमीनाबीचं पानदान'. 'नागव्वाचं चाडं'.

ते चाडं फोटोपेक्षा सुंदर होतं. एका राघूची चोच झिजलेली. मी पर्समधून पांढरे हातमोजे काढले आणि घालायला लागले.

"ते काढ गं," मागून महानंदाचा आवाज आला. "लग्नातला वाढपी दिसतेस."

केस पांढरे झालेत तिचे, अंग भरलंय, पण हसणं तेच. तिनं मला मिठी मारली आणि पेटीकडं पाहिलं. मला कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून प्रदर्शनाचं, विश्वस्तांचं, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि चाडं मागितलं.

"माझं कुठं आहे ते?" ती पाटीकडं बोट दाखवून म्हणाली. "नागव्वाला विचार. उद्या तिच्याच शेतात जायचंय आपल्याला."

रात्रीच्या जेवणाआधी तिनं संग्रहालयाची कुळकथा सांगितली. सुरुवातीला ती गावोगाव फिरली, पण कुणी चमचादेखील देईना. ट्रॅक्टर आले होते, तिफणी गोठ्याच्या माळ्यावर पडून होत्या, तरी देववत नव्हतं. पहिली वस्तू नागव्वानं दिली, हेच चाडं, पण एका अटीवर. येळवसला ते घरी आलं पाहिजे. लेक सासरी दिली तरी सणाला येते, तसं. मग ज्यानं त्यानं तीच अट घातली. महानंदानं आधी नको म्हटलं, मग हो म्हटलं, आणि शेड भरली.

"आणि येळवसला?" मी विचारलं.

"सकाळी बघ की," ती म्हणाली.

सकाळी शेडसमोर ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि एक बैलगाडी उभी होती. माणसं आत येत होती, चपला बाहेर काढत होती आणि आपापली वस्तू उचलून चालायला लागत होती. एका बाईनं उतरंडीवरची धूळ पदरानं पुसली. अमीनाबीची सून पानदान घेऊन गेली, त्यांच्याही शेतात येळवस असते. कुणी विचारत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझा जीव खालीवर होत होता. आमच्याकडं एक पळी हलवायची तर दोन विश्वस्तांच्या सह्या लागतात.

"अगं, काही फुटलं म्हणजे?" मी महानंदाला म्हटलं.

"फुटतं की कधी कधी."

"हरवलं म्हणजे?"

"त्यांचं त्यांच्याच घरात हरवणार ना."

ऊन वर यायच्या आत शेड रिकामी झाली. फळ्यांवर नुसत्या पाट्या राहिल्या. कुठल्याही संग्रहालयवालीला घाम फुटावा असं ते दृश्य होतं, आणि माझ्या मनात काय आलं, तर माझ्याकडून अशी एक तरी वस्तू कुणी हक्कानं न्यायला आलं असतं तर. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण माझ्याच धंद्यासाठी केलेली असावी.

गाव ओस पडलं होतं. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रीसुद्धा कमी. सगळे शेतात. आम्ही नागव्वाच्या मुलाच्या ट्रॅक्टरवर बसून निघालो. मी पेटी सोबत घेतली, कारण होकार मिळाला तर तिथल्या तिथं चाडं तिच्यात ठेवायचं असं मनात होतं.

ज्वारीच्या मधे कडब्याच्या पेंढ्यांची कोपी (झोपडी) केली होती आणि तिच्यावर नवी शाल घातली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांच्यापुढं ते चाडं मूठभर जोंधळे घालून ठेवलेलं. नागव्वा कोपीच्या तोंडाशी घोंगडीवर बसली होती. कपाळाला विभूती, पाय लांब केलेले. महानंदा तिला अव्वा (आई) म्हणते.

"ही कोण गं नंदा?"

"माझी मैत्रीण, अव्वा. साताऱ्याकडची."

"बस माय. आधी जेव."

पूजा झाली. मुलानं मडक्यातली आंबील (ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली) पिकावर शिंपडत शेताला फेरी मारली आणि सगळे "चांगभलं" म्हणाले. मग पंगत. भज्जी म्हणजे आपली कांदाभजी नव्हे, सगळ्या पालेभाज्या, ओले हरभरे, तूर, वाटाणे बेसनात शिजवलेलं दाट कालवण. त्याच्यासोबत बाजरीचे उंडे (पिठाचे वाफवलेले गोळे), खीर, आंबील. आंबील मी तीनदा मागून घेतली. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसांनाही हाक मारून जेवायला बसवत होते. जो तो महानंदाला "अक्का, आमच्या कोपीकडं कवा येताव?" विचारून जात होता. मी हातातला उंडा ताटात परत ठेवला.

जेवण झाल्यावर मी नागव्वापुढं बसले आणि बसमध्ये तयार केलेलं सगळं बोलले. परंपरा, जतन, पुढची पिढी, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"तुझ्याकडं कोन येतंय बघाया?" तिनं विचारलं.

"आता कुणी येत नाही, आज्जी. हे आलं तर येतील."

तिनं चाड्यातले जोंधळे मुठीत घेतले आणि बोटांतून हळू सोडले. बाजूला महानंदा निवांत हरभरे सोलत होती. तिचं ते निवांत बसणं बघून माझा तोल गेला.

"हिच्याकडं सगळा तालुका आहे," मी म्हटलं. "जीपमधला ड्रायव्हरसुद्धा हिचा. एक चाडं माझ्याकडं आलं तर हिचं काय कमी होणार आहे? माझी माडी चाललीय, महानंदा. तुझ्याकडं बघितलं की मला जळायला होतं. तुला काय कमी आहे गं?"

महानंदानं हातातला घाटा खाली ठेवला. "वाळवीनं दोन तिफणी खाल्ल्या माझ्या. पत्रा गळतो. गेल्या येळवसला झूल नेली ती फाडून आणली. तुझी काचेची कपाटं मी फोटोत बघते आणि रात्रभर मला झोप येत नाही. बोलू का मी पण?"

नागव्वाच्या सुनेला, शारदाला, ते अवघड वाटलं असावं. ती उठली आणि माझ्या पेटीकडं वळली.

"ताई, डबा हाय का हा? उंडे भरून देते वाटंला." तिनं कडी काढली. आत नुसता स्पंज.

"रिकामी हाय," ती म्हणाली.

नागव्वानं मान वर केली. "रिकामी? सातारहून रिकामी आनलीस व्हय, येळवसला?"

मी कपाळावर हात मारून घेतला. शेजारणीची वाटी साखर घेऊन आली तर ती परत देताना रिकामी द्यायची नाही, चार शेंगदाणे तरी घालायचे, हे आईनं जन्मभर शिकवलेलं. आणि सणाच्या दिवशी परक्याच्या शेतात मी रिकामं भांडं घेऊन आले होते. काहीच मिळेना म्हणून मी पर्समधली खडीसाखरेची पुडी काढून कोपीपुढं ठेवली. नागव्वा हसली. तिला दात फार नव्हते.

"आता ती पेटी रिकामी कशी धाडावी?" ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली. मग सुनेला म्हणाली, "शारदा, जोंधळं काढू नगंस त्यातलं. तसंच दे."

शारदानं तळाच्या भोकांना हात लावून चाडं जोंधळ्यांसकट पेटीत ठेवलं. स्पंजात ते बरोबर बसलं. माझं सगळं भाषण वाऱ्यावर गेलं होतं आणि रिकाम्या पेटीची लाज वाटून त्या बाईनं मला ते दिलं होतं. महानंदाला मी एवढंच विचारलं, "तुझी हरकत नाही ना?" ती म्हणाली, "माझं कुठं आहे ते?" पण तिचा आवाज बारीक झाला होता. तो ऐकून मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

"पुढल्या येळवसला घरी आन," निघताना नागव्वा म्हणाली. "आन रिकामं न्हाय आनायचं."

"माझं शेत नाही, आज्जी."

"मग कुनाच्या तर रानातलं आन. तिकडं काय पिकत न्हाय व्हय?"

दिवस मावळता सगळ्या वस्तू शेडमध्ये परत यायला लागल्या. मडक्यांना आंबील चिकटलेली, झुलींना कुसळं. एका घरानं तांब्याच्या घागरीऐवजी स्टीलची किटली आणून दिली. "अक्का, घागर घरी ऱ्हाऊ दे, पोरीला आवडली. हे घ्या." महानंदानं किटली घेतली आणि घागरीच्या पाटीमागं ठेवून दिली. मी तिच्याशी त्यावरून भांडले, ती किटली हलवेना. मग तिनं चाड्याच्या मोकळ्या जागी मूठभर ज्वारी ओतली आणि पाटी तशीच राहू दिली.

परतीच्या प्रवासात पेटी जड होती आणि गुडघे दुखले नाहीत. नळदुर्गच्या ढाब्यावरच्या त्याच माणसानं ओळखलं. "भरली का?" म्हणाला. मी हो म्हटलं.

चाडं मी प्रदर्शनात मधल्या मोठ्या कपाटात ठेवलं, वरून दिवा सोडला, कुलूप लावलं. उद्घाटनाला विश्वस्त आले. त्यांनी किती जुनं आहे ते विचारलं, फोटो काढले आणि चहा घेऊन गेले. नंतर दोन-चार ओळखीची माणसं आली. पुढं जिन्यावर पावलं वाजेनात. मी रोज खुर्ची टाकून बसत होते. अशाच एका दुपारी महानंदाचा फोन आला.

"अगं, काय सांगू," ती म्हणाली. "चाड्याच्या जागेपुढं येऊन उभी राहतात माणसं. पोचलं का नीट, विचारतात. बायका तिथं रोज चिमूटभर ज्वारी टाकून जातात. काल अव्वा स्वतः आली होती नातवाच्या गाडीवरून. तुझ्याकडं गर्दी असेल ना?"

"आहे ना," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

माझ्या भरल्या कपाटापुढं कुणी नव्हतं आणि तिच्या रिकाम्या जागेपुढं रांग होती. अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, किल्ल्यांचा जुडगा काढला, कपाट उघडलं आणि हातमोजे न घालता चाडं बाहेर घेतलं. खुर्चीत बसून ते मांडीवर धरलं. नागव्वाचे जोंधळे मी वाटीत काढून ठेवले होते. त्यांची मूठ भरली आणि तिनं सोडले होते तसे बोटांतून सोडायला लागले. तीन भोकांतून ते खालच्या फळ्यांच्या जमिनीवर पडत राहिले. आमची जमीन जुनी, लाकडी, बारीकसा आवाजही खाली वाचनालयात जातो.

जिना वाजला. रोज खाली पेपर वाचणारे एक म्हातारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. धाप लागली होती.

"पेरतंय कोण इथं?" त्यांनी विचारलं. मग माझ्या मांडीकडं बघितलं. "आमची आई धरायची चाडं. कुणाचं हो हे?"

पाटीवर मी लाकूड, नक्षी, प्रदेश असं सगळं लिहिलं होतं. ते मात्र लिहिलं नव्हतं.

"मुरुमच्या नागव्वाचं," मी म्हटलं. "या, बसा."

ते बसले. मी चाडं त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी मूठ भरली, आणि जिना पुन्हा वाजायला लागला.

माडी अजून आमच्याकडं आहे, निदान येळवसपर्यंत. म्हाताऱ्यांनी त्यांच्या रानातला हायब्रीड मका देऊ केलाय, तो घालून मी चाडं मुरुमला नेणार आहे. महानंदाला यातलं काही कळवलेलं नाही. ती अजून रिकाम्या जागेपुढच्या रांगेचे फोटो पाठवते, आणि मी 'छान' असं उत्तर देते.